योगशिक्षकाची विद्यार्थिदशा

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा एकदा विद्यार्थी होण्याचा योग माझ्या वाट्याला आला. आणि तोही योग शिकण्यासाठी नव्हे, तर योग शिकविण्यास शिकण्यासाठी. या दोहोंत काही अंतर असेल, असे तेव्हा मला वाटले नव्हते. बारा वर्षे मी नित्य पहाटे आसने करीत आलो होतो. कचेरीत दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत घालविणाऱ्या माणसाची पाठ जी तक्रार करते, ती माझ्याही पाठीने केली होती, आणि आसनांनीच ती मिटविली होती. दिल्लीतील आमच्या सरकारी वसाहतीत शेजारी विचारू लागले, ‘आम्हालाही शिकवा ना!’ आपल्याला जे येते ते दुसऱ्यास सांगावयाचे, यात अवघड ते काय? तरीपण कोणतेही काम रीतसर करावे, या नोकरीत जडलेल्या सवयीने मी रजा काढली आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील एका योगविद्यालयात दीड महिन्याच्या अभ्यासक्रमासाठी दाखल झालो. त्या दीड महिन्यात माझ्या ज्ञानात किती भर पडली हे सांगणे कठीण. पण माझ्या अज्ञानाची मोजदाद मात्र नीट झाली. तिचाच हिशेब आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

योग वर्गात बसवून शिकवावा, ही कल्पना आपण समजतो तितकी जुनी नाही. हठयोगाचे ग्रंथ साधकाला एकांतातील लहानशी कुटी सुचवितात आणि बाकी सारे गुरूच्या मुखातून घ्यावे, असे बजावतात. एक गुरू आणि एक शिष्य, हेच तिथले प्रमाण. ही विद्या संसारी माणसांच्या दारी आणण्याचे श्रेय विसाव्या शतकाकडे जाते. १९१८ साली श्रीयोगेंद्र यांनी मुंबईत योगसंस्था स्थापन केली. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम उभारले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले, आणि क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने नौली, उड्डियान अशा क्रियांची परीक्षा मांडली. म्हैसूरच्या राजवाड्यात शिकविणाऱ्या कृष्णम्माचार्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले आणि तेथूनच त्यांचे नाव जगभर झाले. पुढे संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली २१ जून हा योगदिन म्हणून मान्य केला, आणि २०१५ पासून मैदानेच्या मैदाने चटयांनी भरू लागली. एका शिष्यापासून सहस्रावधी शिष्यांपर्यंतचा हा प्रवास अभिमानास्पद आहे, यात संशय नाही. परंतु व्यासपीठावरून सांगणाऱ्याची नजर समोरच्या किती जणांच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचते, हा प्रश्न त्या प्रवासात मागे राहिला. तो मला स्वतःला पडावा, यासाठी मात्र एक अपघात घडावा लागला.

विद्यालयातील आमचा दिनक्रम साधा होता. पहाटे मिठाच्या कोमट पाण्याने जलनेती, नंतर आसने, दुपारी शरीरशास्त्र आणि पातंजल सूत्रे, संध्याकाळी प्राणायाम. तिसऱ्या आठवड्यापासून सराव पाठ सुरू झाले. प्रत्येकाने पाठाचे टाचण काढावयाचे आणि आपल्या सहाध्यायांनाच विद्यार्थी मानून शिकवावयाचे. केरळातील एक परिचारिका, ओडिशातील एक पोलिस जमादार, दोन-तीन पदवीधर तरुण आणि भुसावळचे एक निवृत्त रेल्वे गार्ड अशी आमची मंडळी होती. या गार्डांना सगळेच ‘काका’ म्हणत. वय बासष्ट, अंग ताठ, स्वभाव मऊ.

माझ्या वाट्याला पश्चिमोत्तानासन आले. पाय लांब पसरून बसावयाचे आणि कमरेतून पुढे वाकत कपाळ गुडघ्यांकडे न्यावयाचे. मी सूचना अगदी मुद्देसूद दिल्या. परिपत्रके लिहिण्यात हयात गेलेली. सारे वाकले, काका मात्र अर्ध्यावरच थांबले. माझ्या टाचणात या अडचणीसाठी कलम नव्हते. मी त्यांच्या मागे गेलो आणि, ‘काका, आणखी थोडे,’ असे म्हणत दोन्ही तळव्यांनी त्यांची पाठ दाबली. ते खाली गेले खरे, पण त्यांच्या तोंडून एक दबका हुंकार निघाला. त्यांनी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले ते भिंतीला हात लावीत. मांडीच्या मागची शीर धरली होती आणि कंबर लचकली होती. पुढले आठ दिवस ते खुर्चीवर बसून वर्ग पाहत राहिले. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून चुका झाल्या नाहीत असे नाही. पण त्या कागदावर झाल्या होत्या. माझी चूक दुसऱ्याच्या अंगावर उमटलेली मी प्रथमच पाहत होतो.

आमच्या गुरुजींनी मला रागावून काही म्हटले नाही. शरीरशास्त्राच्या पुढच्याच तासाला त्यांनी स्नायूंचा पाठ घेतला. आपल्या स्नायूंच्या पोटात चरख्याच्या चातीसारख्या आकाराचे अतिसूक्ष्म संवेदक असतात. स्नायू एकाएकी ताणला गेला की ते मज्जारज्जूकडे निरोप धाडतात, आणि मेंदूच्या हुकमाची वाट न पाहता तोच स्नायू आकुंचित होतो. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, तो याच यंत्रणेमुळे. म्हणजे मी जितक्या जोराने काकांची पाठ दाबीत होतो, तितक्याच जोराने त्यांच्या मांडीमागचे स्नायू स्वतःला आखडून घेत होते. त्या ओढाताणीत इजा न होती तरच नवल! उलट, तोच ताण हळूहळू दिला, सुसह्य मर्यादेवर थांबविला आणि उच्छ्वास लांबविला, तर हा पहारा क्षणाक्षणाने सैल पडतो. जे मी अंगाची हट्टी ताठरता समजत होतो, ती वस्तुतः अंगाने केलेली स्वतःची राखण होती.

मग पतंजलींकडे नव्या दृष्टीने पाहावेसे वाटले. एकशे पंच्याण्णव सूत्रांच्या त्या ग्रंथात आसनाविषयीची सूत्रे जेमतेम तीन. त्यांत कपाळ गुडघ्याला टेकावे असे कुठेही नाही. आसन स्थिर असावे, सुखकर असावे, आणि ते प्रयत्न सैल केल्याने साधावे, इतकाच त्यांचा आशय. हठप्रदीपिकेचा कर्ताही प्राणाला वश करण्याची तुलना सिंह, हत्ती, वाघ यांना माणसाळविण्याशी करतो: हळूहळू केले तर साधते, उतावीळपणा केला तर ते साधकालाच मारतात. बारा वर्षे ही वचने मी वाचीत होतो. काकांची पाठ दाबताना त्यांतील एकही मला आठवले नाही.

शिक्षकाच्या हाताइतकीच त्याची जीभही आवरती हवी, हा दुसरा धडा प्राणायामाच्या वर्गात मिळाला. दीर्घ श्वसनाने रक्ताला पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, असे मी वसाहतीत मोठ्या विश्वासाने सांगत असे. वास्तविक निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असतानाही, त्याच्या धमन्यांतील रक्त प्राणवायू धारण करण्याच्या आपल्या क्षमतेच्या शेकडा ९५ हून अधिक भरलेलेच असते. त्यात आणखी भर घालावयास जागा फारशी नाही. संथ श्वसनाचा गुण निराळा आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात. म्हणून रेचक लांबविला की हृदय आणि मन दोन्ही निवतात. गुण खरा असता त्याला खोट्या कारणाचा आधार कशाला? माझ्या एका शेजाऱ्याने तर रक्तदाबाच्या गोळ्या सोडून केवळ प्राणायाम करू का, असे मला विचारले होते, आणि मी ठाम ‘नाही’ म्हटले नव्हते. ती आठवण होऊन त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी उठताच मी त्यांना दूरध्वनी केला. सुदैवाने गोळ्या चालू होत्या. रक्तदाब वाढलेल्याने किंवा डोळ्यांत काचबिंदू असलेल्याने शीर्षासनाच्या वाटेस जाऊ नये, मणक्याची चकती सरकलेल्याने पुढे वाकण्याची घाई करू नये, हे शिक्षकाला आसनांच्या नावांआधी पाठ असावयास हवे.

अभ्यासक्रमाच्या अखेरीस परीक्षेचा पाठ होता. कोणाला विद्यार्थी घ्यावयाचे याची मुभा होती. काका तोवर बरे झाले होते. ते आपण होऊन माझ्यापुढे येऊन बसले आणि म्हणाले, ‘घ्या साहेब, तेच आसन घ्या. या वेळी कुठे थांबायचे ते मी सांगेन.’ मी त्यांच्या बैठकीखाली घोंगडीची घडी ठेवली, गुडघे थोडे दुमडून घ्यावयास सांगितले, आणि माझे हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. त्यांचा श्वास पाहत राहिलो. तो अडला तिथे ‘थांबा’ म्हटले. तो मोकळा झाला तेव्हा ‘आता पाहा’ म्हटले. त्यांचे कपाळ गुडघ्यांपासून चांगले हातभर दूर होते, पण चेहऱ्यावर कुठेही आठी नव्हती. परीक्षकांनी किती गुण दिले, ते मी आता विसरलो आहे. पाठ संपल्यावर काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मात्र लक्षात आहे.

आता दर रविवारी सकाळी वसाहतीच्या बागेत मी आठ जणांचा वर्ग घेतो. अधिक जण यावयास तयार असतात. त्यांना दुसऱ्या वेळी बोलावितो, कारण आठांपलीकडच्या माणसाचा श्वास मला दिसत नाही. आरंभी प्रत्येकाला त्याची दुखणी विचारतो आणि वहीत टिपून ठेवतो. गोळ्या चालू असणाऱ्यांना, त्या डॉक्टरांच्या सांगण्याखेरीज सोडू नका, हे दरवेळी सांगतो. आसन बिघडलेले दिसले की हात अजूनही पुढे होऊ पाहतो. बारा वर्षांच्या अभ्यासाचा अभिमान आणि वीस वर्षांच्या हुकमतीची सवय त्या हातात आहे. तो मागे घेतो, आणि आधी विचारतो, ‘इथे कसे वाटते?’ दीड महिन्यात कोणी योगशिक्षक होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण हा प्रश्न विचारण्याइतपत विद्यार्थी मी तिथे झालो, आणि तेवढी विद्यार्थिदशा पुढेही टिकावी, अशी इच्छा आहे.