कुत्रा कुत्र्याला चावला, तर

सकाळी 7.30
पहिला फोन बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीतल्या काकूंचा. "वकीलसाहेब, खालच्या मजल्यावरच्यांच्या रॉटवायलरने आमच्या मोतीची मान फाडली हो! त्यांना आत टाका." म्हटलं, बिलं घेऊन कोर्टात या; पण आधी सेक्रेटरींना पत्र द्या, सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवा म्हणून. डीव्हीआरवर थोड्याच दिवसांत जुन्यावर नवं चढतं, मग सोसायटी हात वर करते.

11.15, बोरिवली कोर्ट
चेक बाउन्सच्या केसमध्ये पुढची तारीख पडली. बाहेर बाकावर काकू, हातात पोलिसांनी नोंदवलेल्या एनसीची, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची प्रत. एफआयआर का नाही, हा त्यांचा राग.

भारतीय न्याय संहितेचं कलम 291 काढून दाखवलं. जनावर सांभाळण्यात हयगय केली तर 6 महिन्यांपर्यंत कैद, 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण धोका माणसाला हवा. वरळीत 2018 मध्ये लिफ्टमध्ये हस्की एका रहिवाशाला चावला, 2025 मध्ये मालकाला 4 महिन्यांची शिक्षा झाली. तिथे चावा माणसाला होता.

"आणि मोती?"

कलम 325 जनावराला मारण्या-जायबंदी करण्याबद्दल आहे, 5 वर्षांपर्यंत. त्यात मालकाचा हेतू किंवा जाणीव सिद्ध करावी लागते. पट्टा हातातून सुटला म्हटलं की तो मार्ग अवघड. मुद्दाम अंगावर सोडला असेल तर 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त 50 रुपये. कोर्टाबाहेर तेवढ्यात दोन वडापाव येतात.

मरीन ड्राइव्हवर दुचाकीखाली कुत्रा मेल्याची केस 2022 च्या डिसेंबरात हायकोर्टाने रद्द केली. बेदरकार वाहन चालवण्याची कलमं माणसांसाठी आहेत, हे कारण. हे ऐकून काकू गप्प झाल्या. मलाही असं सांगताना बरं वाटत नाही.

2.00
डबा खाताखाता बिलं वाचली. टाके, एक्स-रे, जखमेतलं पाणी काढायला घातलेली नळी, रोजची इंजेक्शनं. डॉक्टरांनी केसपेपरवर 'दुसऱ्या कुत्र्याचा चावा' असं स्वच्छ लिहिलंय. दाव्यात हा कागद काकूंच्या रडण्यापेक्षा जास्त बोलेल.

4.30
नोटिशीचा मसुदा. दिवाणी कायद्याच्या लेखी मोती ही काकूंची मालमत्ता, म्हणून नुकसानभरपाई मागायची. तोडगा निघाला नाही तर दिंडोशीच्या सिटी सिव्हिल कोर्टात दावा. अडचण किमतीची: रॉटवायलरची खरेदीची पावती असेल, मोती रस्त्यावरून आणलेला गावठी. बाजारभाव शून्य. म्हणून किमतीच्या वाटेला गेलोच नाही, सगळा भर उपचारांच्या खर्चावर ठेवला. निष्काळजीपणाला आधार दोन: वॉचमनने कुत्रा पट्ट्याविना पाहिला, आणि तो आधी दोनदा भुंकत अंगावर गेल्याची सोसायटीत लेखी तक्रार आहे. कुत्रा अंगावर जातो हे मालकाला ठाऊक होतं, हे दाखवणारा सगळ्यात भक्कम कागद तोच. सेक्रेटरींनी तो फाइलला लावला होता, एवढं नशीब.

6.45
समोरच्यांना काकूंनीच नोटिशीची कुणकुण लागू दिली असावी. त्यांच्या वकिलांचा फोन: "अहो, कुत्र्यांची भांडणं ती. अर्धं बिल देतो, मिटवा."

"पूर्ण बिल, आणि यापुढे जिन्यात-आवारात पट्टा, हे लेखी."

"विचारून सांगतो."

मसुदा तसाच ठेवलाय. सकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर स्पीड पोस्ट.