जावळीचे मोरे : समज आणि वस्तुस्थिती

कशेडी घाट उतरून पोलादपुरास येणाऱ्या प्रवाशास पूर्वेकडे सह्याद्रीची जी भिंत दिसते, तिच्या रानांत आदिलशाहीच्या काळी जावळीच्या मोऱ्यांचा अंमल होता; आणि या घराण्याविषयी आपल्या मुलुखात जे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते, त्यातील पुष्कळ भाग पारखून घेण्याजोगा आहे.

चंद्रराव हे कोणा एका पुरुषाचे नाव नव्हे. तो विजापूर दरबाराचा किताब होता आणि गादीबरोबर तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.

शिवाजी महाराजांचे मोऱ्यांशी प्रथमपासून हाडवैर होते, हेही खरे नव्हे. दौलतराव मोरे निपुत्रिक वारल्यावर शिवथरच्या शाखेतील जो दत्तक गादीवर बसला, तो महाराजांच्याच पाठबळाने. वितुष्ट पुढे आले, ते पाटिलकीच्या तंट्यांतून आणि स्वराज्यातून पळालेल्या गुन्हेगारास जावळीत मिळणाऱ्या आश्रयातून. शिवाय कोकणातून देशावर जाणारे पार घाटासारखे मार्ग ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीवर स्वराज्याचा विस्तार अवलंबून ठेवणे महाराजांस परवडण्याजोगे नव्हते.

सर्वांत रूढ गैरसमज असा की, सोयरिकीचे निमित्त करून चंद्ररावास एकांतात मारले आणि त्या एका घावासरशी जावळी हाती आली. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासाने ही कथा दूरवर नेली. परंतु सभासदाच्या बखरीत सोयरिकीचे बोलणे लावून मारल्याची हकीकत आहे, ती चतुर्बेटास बळ धरून राहिलेल्या हणमंतरावाची, आणि मारणारा संभाजी कावजी. जेधे शकावलीचा क्रम तर उघड मोहिमेचा आहे : जानेवारी १६५६ मध्ये जावळी पडली, चंद्रराव रायरीस गेला, तेथे वेढा बसला, आणि हैबतराव सिळिमकर देशमुखाच्या मध्यस्थीने तो गडाखाली उतरला. जे कित्येक महिन्यांच्या लढाईने व वाटाघाटीने साधले, त्यास केवळ दगा म्हणणे हा महाराजांवर अन्याय आहे, आणि रायरीवर झुंजत राहिलेल्या मोऱ्यांवरही. हीच रायरी पुढे रायगड झाली.

मोऱ्यांचे नामोनिशाण त्या वर्षी पुसले गेले, असेही समजू नये. त्यांच्या चाकरीतला मुरारबाजी देशपांडे स्वराज्यात आला व १६६५ मध्ये पुरंदरावर धारातीर्थी पडला. उलट प्रतापराव मोरे विजापुरास गेला, १६५९ मध्ये अफजलखानाच्या फौजेबरोबर जावळीत परतला, आणि खान पडल्यावर त्याच्या मुलास, फाजलखानास, आपल्या माहितीच्या रानवाटांनी सुखरूप बाहेर घेऊन गेला.