तुमचा डेटा सर्च इंजिनला ‘कळतो’ का? स्ट्रक्चर्ड डेटाची तोंडओळख

समजा, तुम्ही तीन पावसाळे मुळा-मुठेच्या पाण्याचे नमुने गोळा केलेत, त्यातलं नायट्रेट मोजलंत आणि सगळी आकडेवारी ब्लॉगवर टाकलीत. पानावर तक्ता आहे, आलेख आहे, खाली फाइलही आहे. माणसाला बघताक्षणी कळतं की हा संशोधनाचा डेटा आहे. सर्च इंजिनला मात्र ते कळेलच असं नाही. नदीवरचा आणखी एक लेख म्हणून त्याची नोंद होऊ शकते, आणि मग ज्याला नेमका हाच डेटा हवाय त्याच्यापर्यंत तीन वर्षांची मेहनत पोचतच नाही.

ही दरी भरून काढायला स्ट्रक्चर्ड डेटा लागतो. म्हणजे काय? पानावर काय आहे, हे ठरलेल्या शब्दांत मशीनला सांगणारी चिठ्ठी. हे ‘ठरलेले शब्द’ स्कीमा डॉट ऑर्ग या शब्दसंग्रहात आहेत. गूगल, बिंग आणि याहू यांनी तो २०११ मध्ये मिळून सुरू केला. चिठ्ठी लिहायची गूगलची शिफारस असलेली पद्धत म्हणजे जेसन-एलडी. पानाच्या कोडमध्ये एक छोटा तुकडा टाकायचा. वाचकाला दिसणाऱ्या मजकुराला हात लावावा लागत नाही.

वर्डप्रेसचे एसईओ प्लगइन बहुतेक वेळा ‘आर्टिकल’ अशी नोंद आपोआप करतात. पण आपल्या कामाचा प्रकार आहे ‘डेटासेट’, आणि तो आपल्यालाच सांगावा लागतो. गूगलने २०१८ मध्ये डेटासेट सर्च हे वेगळं शोधयंत्र सुरू केलं, ते याच नोंदी वाचतं. त्यासाठी दोनच गोष्टी सक्तीच्या आहेत: नाव आणि वर्णन. वर्णन ५० ते ५००० अक्षरांचं हवं. पण खरा उपयोग पुढच्या माहितीचा होतो: कोणी गोळा केला, कुठला प्रदेश, कोणता काळ, काय मोजलं, लायसन्स कोणतं आणि फाइल कुठून डाउनलोड करायची.

हे भरताना तीन ठिकाणी नीट लक्ष द्या.

१. तारीख. ०५/०६/२०२३ म्हणजे आपल्यासाठी ५ जून, अमेरिकन वाचकासाठी ६ मे. म्हणून २०२३-०६-०५ असाच क्रम ठेवा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.

२. नाव. ‘एस. पाटील’ या नावाने किती पेपर असतील, विचार करा! मशीनला त्यातले तुम्ही कोण हे कसं कळणार? त्यासाठी ऑर्किड आयडी काढा. तो १६ अंकी असतो आणि फुकट मिळतो. लेखकाच्या माहितीत त्याची लिंक द्या. नाव मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपींत लिहीत असाल, तर दुसरं रूप ‘पर्यायी नाव’ म्हणून नोंदवा.

३. भाषा. लेख मराठीत असेल तर भाषेचा कोड ‘एमआर’ टाका. लिपी देवनागरी म्हणजे भाषा हिंदी, असा अंदाज बांधायला जागा कशाला ठेवायची?

आता एक गल्लत होते ती बघू. गूगल स्कॉलरसाठी हे पुरेसं नाही. पेपर किंवा प्रबंधाची पीडीएफ तिथे दिसायला हवी असेल, तर पानात ‘सायटेशन’ने सुरू होणारे मेटा टॅग लागतात: शीर्षक, लेखक, प्रकाशनाची तारीख, पीडीएफचा पत्ता. म्हणजे एकाच कामाच्या दोन चिठ्ठ्या, दोन वेगळ्या वाचकांसाठी.

चिठ्ठी लिहून झाली की स्कीमा डॉट ऑर्गच्या व्हॅलिडेटरमध्ये पानाची लिंक टाकून तपासा. एखादा स्वल्पविराम राहिला तरी अख्खा तुकडा बाद होतो.

याने रँकिंग वर जाईल का? तशी हमी कोणी देत नाही, गूगलही नाही. चिठ्ठीमुळे पानाचा अर्थ स्पष्ट होतो, दर्जा वाढत नाही. आणि पानावर नसलेली गोष्ट चिठ्ठीत लिहायची नाही. तीन पावसाळ्यांचा डेटा असताना ‘पाच वर्षे’ लिहिलंत तर गूगलच्या नियमांचा भंग होतोच, पण संशोधनाच्या भाषेत त्याला सरळ खोटी नोंद म्हणतात.

कोडची भीती वाटत असेल तर सोपा मार्गही आहे. सर्न या संस्थेत चालणाऱ्या झेनोडोवर फाइल चढवा. तिथे डीओआय फुकट मिळतो आणि स्ट्रक्चर्ड डेटाचा तुकडा झेनोडो स्वतःच पानात घालतं. मग ब्लॉगवरून त्या पानाची लिंक द्या. फॉर्ममधलं वर्णन, काळ, लायसन्स मात्र तुम्हालाच भरायचंय, आणि तिथे ‘नंतर बघू’ म्हणून रिकाम्या जागा सोडू नका. नमुने कुठून, कधी, कसे घेतले हे आज तुम्हाला तोंडपाठ असतं. दोन वर्षांनी वही शोधावी लागते.