वेरूळला मुले घेऊन जाताना

सहल म्हटली की आपल्याला आधी आठवते ती यादी. सकाळी हे पाहायचे, दुपारी ते, आणि परतताना वाटेवरचे आणखी एक-दोन उरकून घ्यायचे. यादीतली नावे जितकी जास्त तितकी सहल पैसेवसूल, असा एक सर्वसाधारण समज आहे. बरोबर मुले असली की तो अधिकच बळावतो, कारण मुलांना 'सगळे दाखवायचे' असते. माझ्या मते मुलांच्या सहलीचा विचका होतो तो नेमका इथेच.

हे मी अनुभवाने सांगते. सातवीत असताना आमच्या शाळेची सहल निघाली होती. एका दिवसात पाणचक्की, बीबी का मकबरा, दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ. त्यातले आज आठवते ते एवढेच : रांग, गुरुजींची शिट्टी आणि कैलास लेण्याच्या दारातली 'दहा मिनिटांत बाहेर या' ही सूचना. दुसऱ्या दिवशी सहलीवरचा निबंध मी गाईडमधून उतरवून काढला आणि त्याला दहापैकी आठ गुण मिळाले. जागा मी पाहिली होती, पण मला त्यातले काही सांगता येत नव्हते, आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भावंडांना घेऊन जायचे ठरले, तेव्हा मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे यादी खोडली. एक दिवस आणि एकच जागा : वेरूळ. भाऊ आठवीत, बहीण पाचवीत. 'कमवा आणि शिका' योजनेतून माझ्याजवळ थोडे पैसे साठले होते. आईवडिलांनीही यावे असा माझा हट्ट होता. लग्न आणि जत्रा सोडून ती दोघे कधी कुठे गेलेली नाहीत. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते विहिरी खोदण्याच्या कामावर जातात. त्यांनी ऐकल्याबरोबर विचारले, "रोज दगडंच फोडायलोय मी. आता पैसे देऊन दगडंच बघायला जायचं का?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मायचा प्रश्न वेगळा होता. कापूस वेचणीचे दिवस होते आणि तिचा एक रोज बुडणार होता. तिला मी घृष्णेश्वराचे दर्शन कबूल केले आणि ती तयार झाली.

आता थोडे व्यवहाराचे. आम्ही मंगळवारी निघणार होतो, कारण सोमवारी आमच्या गावचा बाजार. आमच्या इतिहासाच्या सरांना हे सहज बोलता बोलता सांगितले, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. दोन्ही ठिकाणे लागोपाठ पाहू म्हणणारी किती कुटुंबे या वारांमुळे फसत असतील कोण जाणे! आम्ही बुधवार धरला. एस.टी.त पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट लागते. मार्च २०२३ पासून स्त्रियांनाही अर्धे झाले आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना तर तिकीटच नाही. म्हणजे आमच्या पाच जणांत पूर्ण तिकीट दोघांचेच, अण्णांचे आणि भावाचे. लेण्यांवर पंधरा वर्षांच्या आतील मुलांना प्रवेश मोफत आहे. गरिबाला सहल परवडत नाही हे पुष्कळ अंशी खरे. पण हा हिशेब आधी कागदावर मांडला, तर ती वाटते तितकी दूरही नसते. हिशेबाची वही बहिणीकडे दिली. पैसे तिच्या हातून जाऊ लागल्यावर तिने वाटेत एकदाही खेळणे मागितले नाही, उलट आम्हांलाच चहा नाकारला.

निघण्याच्या आठ दिवस आधी मी मुलांना एकच प्रश्न घालून ठेवला. कैलास लेणे हे बांधलेले देऊळ नाही. तो डोंगराचाच एक तुकडा आहे, त्याला दगड कुठून आणून जोडलेला नाही. मग हे काम सुरू कुठून केले असेल, पायथ्यापासून की कळसापासून? उत्तर मुद्दाम सांगितले नाही. भाऊ म्हणाला, पायापासून, सगळी घरे तशीच होतात. बहीण म्हणाली, मधून. यावरून दोघांचे रोज भांडण. मुलांना माहिती आधी पाजून नेऊ नये असे मला वाटते. माहिती पाजलेले मूल तिथे जाऊन फक्त खूण करते; हे पाहिले, हे पाहिले. प्रश्न घेऊन गेलेले मूल शोधत राहते.

पहिल्या गाडीने निघून छत्रपती संभाजीनगरला उतरलो. तिथून वेरूळ सुमारे तीस किलोमीटर आहे आणि कन्नडकडे जाणाऱ्या गाड्या वेरूळवरून जातात. मायने 'देव आधी' असे बजावले होते, त्यामुळे प्रथम घृष्णेश्वर. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात जीर्णोद्धार केलेले हे देऊळ लेण्यांपासून अगदी जवळ आहे. रांगेत दीड तास गेला. माझी चुळबुळ चालली होती, पण माय समाधानाने बाहेर आली आणि पुढचा सारा दिवस तिने कशालाही घाई केली नाही. तेव्हा तो दीड तास वाया गेला असे मी म्हणणार नाही.

वेरूळची लेणी चौतीस. पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू आणि शेवटची पाच जैन. सगळी पाहायची नाहीत हे आमचे ठरलेलेच होते. आम्ही चारच पाहिली आणि त्यांतही निम्मा वेळ एकट्या कैलासात काढला. मात्र कैलासात शिरण्याआधी बाजूच्या वाटेने डोंगरावर चढलो. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे अवश्य करावे; लहानांचा हात मात्र सोडू नये, कारण कडा उभा आहे. वरून पाहिले की खाली एक प्रचंड खड्डा दिसतो, लांबीला सुमारे २७६ फूट आणि रुंदीला १५४ फूट, आणि त्या खड्ड्यात मधोमध देऊळ उभे. मागची भिंत शंभर फुटांहून जास्त खोल उतरलेली. मुले गप्प झाली. अण्णा बराच वेळ वाकून पाहत होते. मग म्हणाले, "ही तर विहीर हाय. मधला खडक तेवढा ठेवलाय."

इतक्या थोड्या शब्दांत हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेले नव्हते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, म्हणजे आठव्या शतकात, हे काम झाले असे मानतात. कारागिरांनी डोंगरात मागे आणि दोन बाजूंना असे तीन खोल चर मारले, मधला खडक सुटा केला आणि मग तो वरून खाली कोरीत आणला. म्हणजे कळस आधी आणि पायाचे हत्ती शेवटी. एवढे मला ठाऊक होते. पण असेच का, हे ठाऊक नव्हते. ते अण्णांनी सांगितले. खालून सुरुवात केली तर वरचा धोंडा डोक्यावर लोंबत राहतो. वरून उतरत गेले तर कारागिराच्या पायाखाली खडक असतो, परांची बांधावी लागत नाही, आणि फोडलेला दगड वर चढवण्याऐवजी उताराने पुढच्या तोंडाकडे ढकलता येतो. विहिरीत निघालेला दगड वर काढावा लागतो, ती मेहनत खोदण्याहून जास्त, हे त्यांच्या रोजच्या कामातले. आत उतरल्यावर त्यांनी मुलांना भिंतीवरचे टाकीचे घाव दाखवले. सुरुंग नाही, यंत्र नाही, सगळे काम टाकी आणि हातोडीचे. भावाने विचारले, "आणि चूक झाली तर?" अण्णा म्हणाले, "चूक झाली की पुढचं काम त्या चुकीला धरून करायचं. दगड परत चिटकत नसतोय."

भाऊ पैज हरला होता, पण ते त्याच्या लक्षात राहिले नाही. तो पायाचे हत्ती मोजत सुटला. बहिणीने मोजलेला आकडा वेगळा निघाला, मग दोघांनी पुन्हा प्रदक्षिणा घातली. असे मोजणे, पळणे, भांडणे हा सहलीतला वेळेचा अपव्यय नव्हे. ती मुले आहेत, परीक्षक नव्हेत.

दुपारी झाडाखाली दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. वानरांनी एक दशमी पळवली, तिचीही नोंद बहिणीने खर्चात केली. जेवणानंतर मुले पेंगतात, तेव्हा त्यांना चालवत नेऊ नये. आम्ही तासभर तिथेच पडलो.

नंतर दहाव्या क्रमांकाचे लेणे, ज्याला 'सुतार झोपडी' म्हणतात ते. तिथे छताकडे पाहिले की घराच्या आढ्याला लाकडी वासे असावेत तशा कमानी दिसतात, आणि त्या दगडाच्या! जुने चैत्य लाकडाचे असत, त्यांची सवय दगडात उतरली. कार्ल्याच्या चैत्यात तर छताला खरे लाकडी वासे आजही आहेत. शेजारच्या अकराव्या लेण्याचे नाव 'दो ताल', म्हणजे दोन मजली. मुलांना म्हटले, मजले मोजा. तीन भरले! तळमजला मातीखाली बुजला होता, तो १८७६ साली उकरून मोकळा झाला, पण नाव जुनेच चिकटून राहिले. पुस्तकाला किंवा पाटीला चूक ठरवण्याचा आनंद मुलांना काय असतो, तो तिथे पाहावा. बारावे 'तीन ताल' मात्र नावाप्रमाणे निघाले, त्यामुळे भाऊ जरा हिरमुसला. जैन लेणी आम्ही पाहिलीच नाहीत. ऊन उतरत होते आणि गाडी चुकली तर शहरात मुक्कामाचा खर्च अंगावर येणार होता.

प्रत्येकाला वेरूळच गाठले पाहिजे असे नाही. जुन्नरकरांना घराशेजारी लेण्याद्री आहे, बुलढाणेकरांना लोणारचे सरोवर आहे. आपल्या घरात कोणाला कशातले कळते, हेही जागा निवडताना पाहावे. सुताराच्या घरातली मुले जुन्या वाड्यात, कोळ्याच्या घरातली जलदुर्गावर गेली, तर बरोबरचा जाणता माणूस घरातलाच असतो. आमच्या बाबतीत हे मी ठरवून केले असे म्हणणे खोटे होईल. अण्णांना मी आग्रहाने नेले ते त्यांना 'दाखवायला'.

घरी आल्यावर भावाने परसात चिखलाचा गोळा वाळत घातला आणि दोन दिवसांनी खिळा घेऊन तो वरून कोरायला बसला. शिखर जमले, खांबांपाशी येताच सगळे कोसळले. आता तो मऊ खडकाचा तुकडा शोधतो आहे.

पुढच्या हिवाळ्यात दौलताबाद ठरले आहे, तेही एकटेच, पूर्ण दिवस. अंधारीसाठी बॅटरी न्यायची आहे. किल्ल्याचा कडा तासून गुळगुळीत केला आहे आणि भोवती खडकात खंदक खोदला आहे असे मी सांगितल्यापासून अण्णा दोनदा विचारून झाले, की खंदकाला झरा लागला होता का पाणी बाहेरून आणले. बहिणीने तो प्रश्न हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवला आहे.