नहेम्याची सभा आणि उदयनगरची भगिनी

देवास जिल्ह्यातील उदयनगर हे आमच्या इंदूर धर्मप्रांतातील एक लहानसे गाव आहे. तेथे धन्य राणी मारिया या धर्मभगिनीची समाधी आहे. भाविक तेथे मेणबत्ती लावतात, गुडघे टेकतात, आपापली गाऱ्हाणी सांगतात. आणि ते योग्यच आहे. परंतु या भगिनीला मरण कशामुळे आले, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. आम्हीही तो बरेच दिवस स्वतःस विचारला नव्हता.

भगिनी राणी मारिया यांचा जन्म 29 जानेवारी 1954 रोजी केरळातील पुल्लुवळी गावी झाला. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या त्या सभासद होत्या. 1992 साली त्या उदयनगरास आल्या, तेव्हा भोवतालचा आदिवासी शेतकरी व शेतमजूर सावकाराच्या कर्जात रुतलेला होता. पेरणीला कर्ज, लग्नाला कर्ज, दुखण्याला कर्ज. आणि पीक हाती येताच ते दुसऱ्याच्या घरी, अशी त्याची गत. भगिनींनी केवळ भाकरी वाटली नाही. त्यांनी लोकांस एकत्र बसविले, बचतीची सवय लाविली, बँकेचे कर्ज व सरकारी योजना कशा मिळवाव्यात हे शिकविले. ज्याला व्याज मोजता येते, त्याला फसविणे कठीण जाते. कित्येकांची जुनी मिळकत बंद पडू लागली आणि त्यांचा रोष वाढला. 25 फेब्रुवारी 1995 रोजी, इंदूरकडे येणाऱ्या बसमधून प्रवास करीत असता, नाचनबोर घाटात त्यांच्यावर सुऱ्याने वार करण्यात आले. अंगावर 54 जखमा होत्या. वय अवघे 41 वर्षांचे.

हे सारे नवे नाही. पवित्र शास्त्रातील नहेम्याचा पाचवा अध्याय उघडून पाहा. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील यरुशलेम. दुष्काळ पडलेला. कोणी म्हणतो, धान्यासाठी शेत व घर गहाण पडले. कोणी म्हणतो, राजाचा कर भरण्यास कर्ज काढले. कोणाची लेकरे दास्यात गेली. आणि धनको कोण? परके नव्हेत, त्याच देवाची उपासना करणारे, त्यांचेच भाऊबंद! नहेम्या संतापला. तरी त्याने आधी मनाशी विचार केला, मग भर सभेत श्रीमंतांस जाब विचारला. दानधर्म करा, असे तो म्हणाला नाही. शेते, मळे, घरे आणि घेतलेला शंभरावा भाग आजच्या आज परत करा, असे त्याने सांगितले. हा शंभरावा भाग म्हणजे दरमहा शेकडा 1, असे अनेक अभ्यासक मानतात. आपल्याकडे शेकडा 3 आणि शेकडा 5 मागणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे! विशेष हे की, आपण व आपले भाऊही कर्ज देत आहोत, हे नहेम्याने लपविले नाही. हिशेब त्याने स्वतःच्या घरापासून मांडला.

मोशेच्या नियमशास्त्रातही असेच बारकावे आहेत. कोणाचे जाते गहाण घेऊ नये, कारण जाते गेले तर पीठ गेले. गरिबाचे पांघरूण रात्र होण्यापूर्वी परत करावे. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी. आमोस संदेष्टा तर माप लहान करणाऱ्या व खोटा तराजू धरणाऱ्या व्यापाऱ्यांवर अक्षरशः तुटून पडतो. देवाला तराजू, जाते आणि सायंकाळची मजुरी दिसते, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांसही हे दुःख ठाऊक आहे. मे 1875 मध्ये पुण्याजवळच्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली, आणि तेथून पसरलेल्या या दंग्यांत ठिकठिकाणी कर्जरोखे जाळण्यात आले. त्यानंतर 1879 साली शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा सरकारने केला. जे भर सभेत ऐकले जात नाही, ते शेवटी आगीच्या रूपाने बाहेर पडते. नहेम्याने सभा भरविली, भगिनी राणी मारियांनी गट बांधले. आग टाळण्याचा हाच मार्ग आहे.

आम्ही वेदीवरून दानाविषयी पुष्कळ बोललो; हिशेबाविषयी थोडे बोललो, ही आमची चूक आम्ही कबूल करतो. दान देणारा आपल्या मर्जीने देतो. मजुरी मर्जीची नव्हे, ती घामाची असते. तीळ काढण्यास आलेल्या बाईचा दिवस आपण पुरा मोजतो का? शेजाऱ्याच्या अडचणीत त्याचा जमिनीचा तुकडा स्वस्तात पदरात पाडून घेतो का? जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांस दिली. पण जे लबाडीने घेतले होते ते चौपट परत करण्याचे वचन त्याने निराळे दिले. दानाने लबाडी फिटत नाही.

येथे कोणी म्हणेल, मग सावकाराचा द्वेष करावा काय? उदयनगरचे उत्तर निराळे आहे. भगिनींच्या सख्ख्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच, 2002 साली तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हाती राखी बांधली. पुढे तो पश्चात्ताप पावून सुटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूर येथे भगिनी राणी मारिया धन्य घोषित झाल्या. कुटुंबाने मारेकऱ्यास क्षमा केली. परंतु ज्या न्यायासाठी त्या झिजल्या, तो सोडून द्या असे कोणी म्हटले नाही. क्षमा माणसाला असते, खोट्या तराजूला नसते.

म्हणून आमची विनंती एवढीच. या आठवड्यात एके सायंकाळी, जपमाळ झाल्यावर, घरातील वडील माणसाने नहेम्याचा पाचवा अध्याय मोठ्याने वाचावा. पवित्र शास्त्राशेजारी घरची हिशेबाची वही ठेवावी. कोणाचे देणे राहिले आहे, कोणाची मजुरी थकली आहे, कोणाची वस्तू गहाण पडून आहे, ते पाहावे. आणि रविवारच्या मिस्सापूर्वी निदान एक तरी हिशेब चुकता करावा. असे हलके झालेले हात घेऊन वेदीपाशी यावे. प्रभू अशा हातांनी आणलेले अर्पण आनंदाने स्वीकारील.