पडझड जपणारा वाडा

इंग्लंडमधले जुने सरदारी वाडे बहुधा लखलखीत असतात. डर्बीशायरमधल्या टिकनॉल गावाजवळची कॉक ॲबी त्यांच्या पंगतीत बसत नाही. इथे भिंतीवरच्या कागदाचे पोपडे सुटलेत, रंग विटलाय, काही खोल्यांत मोडक्या सामानाची अडगळ रचलेली आहे. ही पडझड आहे तशी टिकावी म्हणून इथे स्वयंसेवक राबतात.

१७०१ ते १७०४ दरम्यान बांधलेला हा वाडा हार्पर-क्रू घराण्याचा. माणसं एकलकोंडी, आणि काहीही टाकून न देणारी. १९२४ साली वारलेले घराण्यातले शेवटचे बॅरोनेट (वंशपरंपरागत किताबाचे धनी) सर व्हॉन्सी यांनी पेंढा भरलेले पक्षी, अंडी आणि फुलपाखरं यांनी खोल्या भरून टाकल्या आणि आवारात मोटारींना बंदी घातली. वीज आली ती थेट १९६२ मध्ये. १९८१ मध्ये तेव्हाचे मालक अचानक वारले आणि वारसाकराचा सुमारे ८० लाख पौंडांचा बोजा पुढच्या वारसावर आला. शेवटी सरकारी मदतीच्या आधाराने १९८५ मध्ये वाडा ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेला.

ट्रस्टने ठरवलं, दुरुस्ती करायची, नूतनीकरण नाही. छप्पर गळू द्यायचं नाही, पण विटलेल्या भिंतीला नवा रंगही द्यायचा नाही. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. मोठमोठी घराणी कशी खचली, हे इथे भिंतीच सांगतात.

पण खचणं नेमकं त्या टप्प्यावर रोखून धरायचं, तर रोजची मेहनत लागते. अशा घरात ओल्या फडक्याने पुसून चालत नाही. मऊ केसांच्या ब्रशने धूळ हलकेच उडवायची आणि व्हॅक्यूमच्या जाळी लावलेल्या तोंडात ओढून घ्यायची. उन्हाने कापड विटतं, म्हणून पडदे ओढून खोल्या मंद उजेडात ठेवायच्या. कीटकांचे सापळे तपासायचे, कारण पेंढा भरलेले पक्षी म्हणजे कसरीला मेजवानीच. खोल्यांत उभ्या असलेल्या स्वयंसेवकांचं काम पाहुण्यांशी बोलण्याचं, पण एका ठिकाणी फारसं बोलावंच लागत नाही. अठराव्या शतकातल्या एका शाही पलंगाचे चिनी रेशमी पडदे कित्येक पिढ्या पेटीतच राहिले. उजेड न लागल्याने त्यांचे रंग आजही ताजे आहेत. ते पाहिल्यावर खोलीत अंधार का, हे पाहुण्याला वेगळं समजवावं लागत नाही.

बागेत ऑरिक्युला या फुलझाडाच्या कुंड्या मांडण्यासाठी बांधलेली पायऱ्यापायऱ्यांची जुनी मांडणी आहे. असं बांधकाम आता फारच दुर्मीळ. तिथल्या वाफ्यांतही स्वयंसेवकांचे हात असतात.

बागेपलीकडच्या हरणांच्या राखीव उपवनात मात्र नियम उलटा. तिथे शेकडो वर्षांचे ओक आहेत. ‘ओल्ड मॅन ऑफ कॉक’ म्हणून ओळखला जाणारा ओक तर हजार वर्षांहून जुना मानला जातो. मोडून पडलेली फांदी, वठलेलं खोड जागचं हलवायचं नाही, कारण कुजणाऱ्या लाकडात दुर्मीळ भुंगेरे वाढतात आणि त्यांच्यासाठीच हे उपवन निसर्ग-अभ्यासकांना मोलाचं वाटतं. घरात एक किडा सापडला तरी नोंद करून बंदोबस्त करायचा, आणि बाहेर किड्यांसाठी खोडं राखायची. ही दोन्ही कामं इथे सारख्याच निष्ठेने चालतात.