सातबाऱ्यावरचं धरण

पैठण तालुक्यात पाचोडच्या बाजूला मोसंबीच्या बागांमधून जाताना मध्येच मातीचे उंच चौकोनी बांध दिसतात. वर चढलं की आत काळा कागद, म्हणजे 500 मायक्रॉनचं प्लास्टिक, आणि त्यावर पावसाळ्यात विहिरीतून उपसून साठवलेलं पाणी. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात बागा उन्हाळा काढतात त्या या शेततळ्यांच्या जिवावर. याच तालुक्यात जायकवाडीचं दहा किलोमीटर लांबीचं मातीचं धरण आहे. शेततळंही मातीनेच पाणी अडवतं, फक्त त्याचा मालक सरकार नसून सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी असतो.

2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं मोठं तळं 30 बाय 30 मीटरचं आणि 3 मीटर खोल. एकास एक उतार धरला तर त्यात 2,196 घनमीटर, म्हणजे जवळपास 22 लाख लिटर पाणी मावतं. बागेला हे कमीच पडतं, म्हणून सामूहिक शेततळी याहून बरीच मोठी असतात.

धरण सुरक्षितता कायदा 2021 चा. 15 मीटरपेक्षा उंच धरण थेट त्याच्या कक्षेत येतं. 10 ते 15 मीटर उंचीचं येतं ते आणखी एखादी अट पुरी झाली तरच: माथ्याची लांबी किमान 500 मीटर, साठा किमान 10 लाख घनमीटर, किंवा पाया विशेष अवघड, अशा त्या अटी. मालक खासगी असला तरी सुटका नाही. पण 10 लाख घनमीटर भरायला वरच्या मापाची साडेचारशेंवर तळी लागतील. शेततळं या चाळणीत अडकतच नाही, आणि ते रास्तही आहे. प्रत्येक बांधावर अभियंता कुठून आणायचा?

मात्र उंची आणि साठा यांवरून धरण केवढं ते कळतं, धोका केवढा ते कळत नाही. केंद्रीय जल आयोगाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना धरणांचे चार वर्ग पाडतात ते फुटल्यावर खाली काय सापडेल यावरून: माणसं, घरं, रस्ते, शेती. बांध किती पक्का आहे, याचा त्या वर्गाशी संबंध नाही. हीच फूटपट्टी शेततळ्याला लावली तर माळावरचं मोठं तळं निरुपद्रवी ठरेल आणि सालगड्याच्या खोलीच्या वर बांधलेलं छोटं तळं वरच्या वर्गात जाईल. ही प्रतवारी करायला सरकारी माणूस येणार नाही. जागा ठरवतानाच मालकाने उताराच्या दिशेने चालत जाऊन ती करायची.

फुटण्याची कारणं मोठ्या धरणासारखीच असतात. पोकलेनने ओतलेली माती थर देऊन, पाणी मारून, रोलरने दाबायला हवी. घाईत ती नुसती रचली जाते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. कागदाला भोक पडलं की पाणी अस्तरामागून बांधात शिरतं आणि उंदराच्या बिळाची वाट धरतं. 2019 च्या जुलैत चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं तेव्हा तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला. महाराष्ट्र हसला, आणि हसणं योग्यच होतं; पण बिळं मातीच्या बांधाला खरोखर घातक असतात आणि ती बुजवणं मालकाचं काम असतं. सांडवा नसणं त्याहून वाईट. रात्री मोटर चालू राहिली आणि पाणी माथ्यावरून वाहू लागलं, तर माती फार वेळ टिकत नाही.

तळं भरत असताना बांधाच्या पायथ्याशी एक फेरी मारावी. झिरपणारं पाणी नितळ असेल तर जागेला खूण करून रोज पाहत राहायचं. गढूळ असेल तर बांधातली माती वाहून चालली आहे. मोटर बंद करायची, खाली कुणी राहत असेल तर त्यांना हलवायचं आणि तळं उतरवायला घ्यायचं.